न बांधलेले तांबडे दोरे

रशीदाआपांचं नाव आधी लिहिते, बाकीचं मग. एकदा का माझ्या चुकीची गोष्ट सांगायला बसले की मी माझ्यातच गुंतून जाते, आणि आपा कुठल्यातरी ओळीत मागं राहून जातात. आजवर असंच झालंय. म्हणून आधी त्या. उरणच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावातलं त्यांचं कोकणी मुसलमान घर. उंचीला बेताच्या, डोक्यावर कायम पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सरकारच्या विमान-साहित्य चाचणी केंद्रात कापड विभागाच्या ज्युनियर टेक्निकल असिस्टंट. सातवीतून शाळा सोडून, घोंगडीच्या मागावरून उठून आलेल्या मला त्यांनी त्या केंद्रात कामाला बसवलं, आणि पुढं माझ्या हातून जे झालं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. आता बाकीचं सांगते.

केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आत, कारखान्यांच्या मागच्या अंगाला, खाडीकडं तोंड करून होतं. तळवलीची माणसं त्याला ‘इमानाचं हापिस’ म्हणत. विमान मात्र तिथं एकही नव्हतं. मागच्या आवारात एका जुन्या विमानाचा तुटका पंख विटांवर टेकवून ठेवलेला होता, त्याच्या सावलीत मांजरं निजायची. बाकी सगळ्या नुसत्या खोल्या. एकीत टायरचे तुकडे भट्टीत तापवायचे, एकीत खिळे-पट्ट्या मिठाच्या पाण्याच्या वाफेत महिना महिना ठेवायच्या, आणि आमच्या खोलीत कापड. हवाई छत्रीचं, पट्ट्यांचं, पाण्यात तरंगायच्या जाकिटांचं. गावाकडून आप्पांचं पत्र यायचं. आप्पा म्हणजे माझे वडील. शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं असायचं, आणि दर पत्रात शेवटी एकच प्रश्न : ‘इमानात बसलीस का? वरून आपलं गाव दिसतं का?’ मी लिहायची, अजून नंबर आला नाही. काय सांगणार होते? मी रोज एका काचेच्या टेबलाशी बसते आणि पांढरं कापड बघते, हे त्यांना कळलंच नसतं. का कोण जाणे, त्यांनाच सगळ्यात जास्त कळलं असतं, असं आता वाटतं.

आमचं घर माण तालुक्यात, सनगराचं. सनगर म्हणजे घोंगडी विणणारे. घरात खड्ड्याचा माग, दारात चिंचोक्याची खळ शिजत ठेवलेली, तिचा तो आंबूस वास कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा. आई गेली आणि आप्पांच्या डोळ्यांना धागा दिसेना झाला तेव्हा माझी शाळा सुटली. रागानं कुणी सोडवली नाही. एक दिवस मी गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही. आमच्या घरात एक रीत होती : धागा तुटला की माग तिथंच थांबायचा. जेवायला हाक आली, पाहुणा आला, काही असो, तुटलेला धागा जोडल्याशिवाय मागावरून उठायचं नाही. आप्पा ओरडायचे नाहीत, नुसते बोट ठेवून बसून राहायचे त्या जागेवर, मी येईपर्यंत. त्यामुळं तुटलेला धागा दिसला की माझा हात आपोआप पुढं जायचा. डोक्याला विचारायचाच नाही.

पुढं घोंगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, माग बंद पडला, आणि मामानं मला इकडं आणलं. मामा एपीएमसी मार्केटला कांदा-बटाट्यात माथाडी. घणसोलीत एका खोलीत ते आठ-दहा गडी राहायचे, तिथं मला कसं ठेवणार? म्हणून तळवलीत एका आगरी बाईच्या घरामागची खोली बघून दिली. त्या बाईचं नाव पार्वती. सगळे तिला नुसतं ‘बाय’ म्हणायचे, मीही. मामाच्या ओळखीच्या ठेकेदारानं मला केंद्रात झाडलोटीला लावलं. असं दोन महिने चाललं. एकदा कापडाच्या खोलीत फरशी पुसताना टेबलावर पसरलेल्या कापडावरून माझं बोट गेलं, आणि मी थांबले. आपा समोर बसल्या होत्या.

“काय झाला गो?” त्या म्हणाल्या.

“इथं एक धागा न्हाय.”

त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. “न बघता सांगितलास?”

“हाताला लागतंय की.”

त्या दिवसापासून महिनाभर आपा विभागाच्या साहेबांच्या मागं लागल्या होत्या म्हणे. शेवटी माझा झाडू सुटला आणि रोजंदारीवरच, पण टेबलाशी बसायचं काम मिळालं. शिक्षणाची अट आडवी आली तेव्हा आपांनी ‘हस्तकौशल्य’ असा काहीतरी शब्द घालून अर्ज लिहिला. त्या शब्दाचा अर्थसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हता.

काम सोपं होतं. काचेच्या टेबलाला खालून दिवे. त्यावरून तागा हळूहळू ओढायचा. कुठं धागा तुटलेला, कुठं गाठ, कुठं विरळ दिसलं की त्या जागेच्या सरळ रेषेत, कापडाच्या काठाला तांबडा दोरा बांधायचा. तागा संपला की दोरे मोजायचे, कागदावर आकडा लिहायचा, आणि खाली आपांची सही. ठरलेल्यापेक्षा जास्त दोरे असले की तागा परत. मग ताग्यातून पट्ट्या कापायच्या, त्या एक दिवस गार खोलीत विसावू द्यायच्या आणि मशीनच्या जबड्यात धरून तोडायच्या. कापड विसावतं ही गोष्ट मला फार आवडली होती. माणसापेक्षा कापडाची बडदास्त जास्त. बाहेर मे महिन्याचा घाम आणि त्या खोलीत मी स्वेटर घालून बसलेली. सगळीकडं एकसुरी घरघर, आणि मधूनच पलीकडच्या मशीनमधून पट्टी तुटल्याचा आवाज, ‘फट्’. दिवसभरात कुणी माझ्याशी बोलायचं ते आपाच. त्याही फार बोलक्या नव्हत्या. दुपारी डबा उघडून दोघींच्या मध्ये ठेवायच्या, घावनं, कधी नारळाच्या रसातली भाजी. मामानं मला बजावून ठेवलं होतं त्यांच्या डब्यातलं खायचं नाही म्हणून. मी दोन महिने खाल्लं नाही. आपांनी एकदाही आग्रह केला नाही, आणि एकदाही डबा स्वतःकडं ओढून घेतला नाही. एक दिवस मी हात पुढं केला. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मीठ कमी पडलाय आज.” बस, एवढंच.

एकटेपण म्हणजे काय ते मला गावाकडं ठाऊक नव्हतं. तिथं दुःख होतं, पण त्यात माणसं होती. इथं संध्याकाळी पाचला भोंगे झाले की रस्ता माणसांनी भरून जायचा आणि त्यातलं एकही तोंड ओळखीचं नसायचं. खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवायची, एकटीपुरता भात टाकायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. भिंतीपलीकडं बायच्या घरात टीव्ही चालायचा. चित्र दिसायचं नाही, नुसते आवाज. त्या आवाजांवरून मी माणसं कल्पायची, ही सासू, हा मुलगा, आता ही रडणार. रविवार सगळ्यात वाईट. मामा आला तर आठ-दहा कांदे पिशवीत घालून यायचा, अर्धा तास बसायचा, “बरं हाय ना?” म्हणायचा, आणि जायचा. नाही आला तर मी बस स्टॉपच्या बाकड्यावर जाऊन बसायची. कुठं जायचं नसायचं. आलेल्या बसमधून कोण उतरतं ते बघायची. डोक्यावरून मुंबईकडं उतरणारी विमानं जायची, अगदी खालून, चाकं बाहेर काढून. त्यातला कुणी माणूस कधी खाली बघत असेल का, असं मनात यायचं. आज माझ्या घरात चार माणसं आहेत, फोन दिवसभर वाजतो, आणि तरी रविवारी दुपारी मला अजून कसंनुसं होतं. घरातल्यांना वाटतं ॲसिडिटी आहे.

त्या साली आपांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं आणि त्या आठ दिवसांच्या रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, “तीन तागे यायचे हायत छत्रीचे. बघून ठेव. शीट मी आल्यावर बघेन.” तागे आले. पांढरं, हलकं, हातात धरलं तर नाही असं वाटणारं कापड. पहिल्या दिवशी एका जागी तीन धागे तुटलेले मिळाले, शेजारी-शेजारी. मी तांबडा दोरा हातात घेतला. खोलीत कुणी नव्हतं. घरघर चालली होती. समोर आपांची खुर्ची रिकामी. कसे कोण जाणे, मला एकदम आप्पा बोट ठेवून बसलेले दिसले. मी दोरा खाली ठेवला, कापडाच्या टोकाचे मोकळे धागे उसवून घेतले, बारीक सुई घेतली, आणि तो जोड भरून काढला. एक खाली, एक वर, वीतभर लांब, म्हणजे धरून राहावा. काम झाल्यावर बोट फिरवलं. काही लागलं नाही. इतकं बरं वाटलं मला! किती महिन्यांनी कुणाच्यातरी घरात बसल्यासारखं वाटलं. आणि आता तिथं दोष राहिलाच नव्हता, तर दोरा कशाला बांधायचा, असं मी खरोखर मानलं. फसवावं असं मनाच्या कोपऱ्यातसुद्धा नव्हतं. उलट आपा आल्या की म्हणतील, पोरीनं तागे नीट करून ठेवले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, मी रोज घड्याळ न बघता तेच करत बसले. जिथं धागा फक्त जाड होता, गाठ होती, तिथं दोरे बांधले. तुटलेल्या जागा मात्र सगळ्या भरल्या.

पुढच्या गुरुवारी आपा आल्या त्या हातावर मेंदी घेऊन, खुशीत. कामाचा ढीग साचला होता. शीटवरचे आकडे बघून म्हणाल्या, “बराच चांगला माल दिसतोय ह्या टायमाला.” मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब आत आले, “मॅडम, छत्रीवाल्या लॉटचं काय? पार्टी रोज फोन करतेय,” आणि आपांनी तिथल्या तिथं सही केली. पट्ट्या कापल्या गेल्या, विसावल्या, आणि शनिवारी आपा त्या तोडायला बसल्या. मी पट्ट्या हातात द्यायची, त्या जबड्यात धरायच्या, काटा चढायचा, फट्. कापड तुटलं की तुटलेल्या कडेला धाग्यांचे तुकडे फिसकारून उभे राहतात. सगळ्या पट्ट्यांचं तसंच झालं. एकीचं मात्र नाही. ती तुटली तेव्हा तिच्यातून तीन लांब धागे अलगद बाहेर आले. अख्खे. ते तुटलेच नव्हते, नुसते निसटले होते. आपा काट्याकडं बघत होत्या. काटा हद्दीच्या वर होता, थोडाच, पण वर. त्यांनी आकडा लिहिला आणि पट्टी डब्यात टाकली. मी ती डब्यातून काढली आणि ते तीन धागे बोटाला गुंडाळून उभी राहिले. म्हणजे ओढ लागली की माझा जोड धरत नव्हता.

साहेबांनी रिपोर्टवर सही केली. सोमवारी दुपारी ट्रक येणार होता. तागे जाणार, त्यांच्या छत्र्या शिवणार.

त्या शनिवारी संध्याकाळी बायनं मला घरात बोलावलं. तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याचं कालवण केलं होतं. पहिल्या दिवसांत मला त्या वासानं मळमळायचं, एव्हाना सवय झाली होती. मी ताटाकडं बघत बसले.

“काय गो शालन, जवला आवरला नाय?” बाय म्हणाली.

“पोटात दुखतंय.”

“पोटान दुकतंय का मनान?”

तिनं माझ्या ताटातली भाकर उचलली, फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. “सकाली खा. मिठागरावर आमचा मानूस आसाच कराचा. काय झाला का जेवायचा नाय. मी इचारायची नाय. मंग दुसरे दिवशी आपसूक सांगायचा.”

सांगायचं तर काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. रोजंदारीच्या बाईला काढायला कागदसुद्धा लागत नाही. गेटवर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले की झालं. मामाची मान खाली. गावाकडं माग बंद, आप्पांना दिसत नाही, आणि परत आलेल्या पोरीला जो पहिला हो म्हणेल त्याच्या दारात उभं करायचं, एवढाच रस्ता. माझ्या दोन मैत्रिणी तशाच गेल्या होत्या. आणि नाही सांगायचं तर काहीच होणार नव्हतं. कुणाला कधी कळलं नसतं. माझी भरणी मलासुद्धा डोळ्यांनी सापडायची नाही, बोटानंच सापडायची. रविवारी मी बस स्टॉपवर गेले नाही. खोलीत बसून राहिले. डोक्यावरून विमान गेलं की कान झाकून घ्यायची. ते प्रवाशांचं विमान, त्यात काही छत्र्या नसतात, हे मला ठाऊक होतं. तरी.

सोमवारी मी आपांच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. त्या आल्या, पर्स टेबलावर ठेवायच्या आतच मी बोटाला गुंडाळलेले ते तीन धागे त्यांच्या पुढं केले आणि सगळं सांगितलं. एका दमात, रडत नव्हते, पण आवाज माझा वाटत नव्हता. आपांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला. पदरानं पुसला. परत घातला.

“किती जागा?”

“सतरा. पट्टीत गेली ती सोडून.”

“कुठं कुठं, आठवतात?”

“सगळ्या.”

“अल्ला.” त्या खुर्चीवर बसल्या. ते तीन धागे तळहातावर ठेवून म्हणाल्या, “तुजा बाप घोंगडी विणतो ना? घोंगडी घेऊन मानूस भुईवर निजतो गो. भोक पडला तर थंडी लागंल, दुसरा काय व्हनार? ह्या कापडाला लटकून मानूस आभालातून खाली येतो. त्याला तुजी सफाई नको. कापड कसा हाय, तेवढाच त्याला खरा कळायला पायजे.”

त्या ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या हळू बोलत होत्या.

मग एकदम उठल्या. “चल. तागे बाहेर काढ. ट्रक यायच्या आत.”

आम्ही दोघींनी तिन्ही तागे परत टेबलावर घेतले. मी डोळे मिटून बोट फिरवायची, “इथं,” म्हणायची, आपा काठाला तांबडा दोरा बांधायच्या. भरलेल्या जागा भिंगातून बघूनही त्यांना खात्री होत नव्हती. दोनदा म्हणाल्या, “नक्की?” मी सुईच्या टोकानं धागा उचलून दाखवला. सतरावा दोरा बांधत होतो तेव्हा साहेब दारात आले. साहेब तसे वाईट नव्हते. विदर्भाकडचे कुठले, मुलाच्या दहावीच्या टेन्शनमध्ये असायचे, आणि वरच्या ऑफिसला फार भ्यायचे.

“हे काय चाललंय? तागे पॅक नाही झाले अजून?”

आपांनी सांगितलं. दोन वाक्यांत. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“हे टेस्टिंग सेंटर आहे की टेलरिंग शॉप? रिपोर्ट साइन झालाय मॅडम! माझी सही आहे त्याच्यावर! मी पार्टीला काय सांगू, वर काय सांगू? आमच्याकडं एक बाई बसते, ती रफू करते?” मग माझ्याकडं न बघता, “हिला आजपासून बंद करा. आत्ता. गेटवर सांगा.”

मी पिशवी उचलली. खरंच उचलली. बायनं बांधून दिलेली भाकर तशीच होती तिच्यात, दोन दिवसांची.

“सर,” आपा म्हणाल्या. साहेबांशी त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. “तिला बंद केलंत तर या सतरा जागा वरच्यांना कोण दाखवणार? तुम्ही हात फिरवून बघा. बघा ना. सापडते का एक तरी?”

साहेबांनी बोट फिरवलं. एकदा, दोनदा. दिव्याशी वाकून बघितलं. “कमाल आहे,” असं पुटपुटले, आणि लगेच आपण पुटपुटलो याचा त्यांना राग आला. “म्हणून काय झालं? चूक ती चूक.”

“चूक आहेच. पण शीटवर सही कुणाची आहे? तिची नाही. तिला सहीचा अधिकारच नाही. मी तिला दोष दिसला की दोरा बांध असं शिकवलं. दुरुस्त करू नकोस, असं कधी सांगितलं नाही. सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही. आणि रजेवरून आल्यावर तागा परत टेबलावर न घेता मी सही केली. तसं लिहा, सर. तसंच झालंय.”

“मॅडम, असं लिहिलं तर तुमच्या सर्व्हिस बुकात जाईल.”

“जाऊ दे.”

“विचार करा.”

“केला.”

साहेबांनी काचेखालचे दिवे बंद केले. मग बाहेर जाऊन ट्रकवाल्याला परत पाठवलं. रिपोर्ट रद्द झाला. दोन तागे परत गेले, एक पास झाला. मला बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर, काचेखाली, आपांच्या अक्षरातला एक कागद सरकवलेला होता, मोठ्या अक्षरात, रोज माझ्या डोळ्यांसमोर राहावा असा : ‘दोष दिसला तर दोरा बांधावा. कापडास सुई लावू नये.’ पुढं त्या टेबलाशी नव्या आलेल्या प्रत्येकाला हा कागद वाचायला लागायचा, आणि कुणीतरी हमखास हसायचं, अहो कोण कशाला सुई लावेल?

पंधरा-वीस दिवसांनी तपकिरी पाकीट आलं. आपांनी ते उभ्यानं वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, “जाकिटाच्या पट्ट्या विसावल्या काय?” मला काही कळलं नाही. कळलं ते साहेबांकडून, आणि तेही सहा महिन्यांनी, बढत्यांची यादी लागली तेव्हा. ते माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले. म्हणाले, “ह्या वर्षी मॅडमचं नक्की होतं. तो मेमो आडवा आला.” मी पळत कापडाच्या खोलीत गेले. आपा पट्टी मोजत होत्या. मी रडत काहीबाही बोलले, आपा, मी हे फेडीन, कधीतरी नक्की फेडीन.

“फेड,” त्या म्हणाल्या. “आधी पट्टीचा दुसरा टोक धर. वाकडी चाललीय.”

त्यानंतरही त्यांचं नाव यादीत आलं नाही. एकदा मागं पडलेली माणसं मागंच राहतात, सरकारी ठिकाणी तर जास्तच. मी मात्र पुढं गेले. त्यांनीच माझा रात्रशाळेचा फॉर्म भरला. पंचविसाव्या वर्षी दहावी झाले. नंतर तळोज्याला एका कापड कारखान्यात तपासणीची मुख्य झाले, हाताखाली बारा मुली. माझं नाव छापलेलं व्हिजिटिंग कार्ड पहिल्यांदा मिळालं तेव्हा आपांनी ते भिंगाखाली धरून बघितलं होतं, छपाईत दोष आहे का म्हणून.

आता जे लिहायचं राहिलंय ते सगळ्यात जड आहे. आपा निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या गावी, घरासमोर मांडव घालून जेवण ठेवलं होतं. मी गेले होते. त्यांचा थोरला मुलगा, चांगला शिकलेला, आखातात नोकरीला, माईक घेऊन बोलायला उभा राहिला. प्रेमानंच बोलला. आणि मधेच हसत म्हणाला, “आमची अम्मी ज्युनियर म्हणून लागली आणि ज्युनियर म्हणूनच घरी आली. अम्मी, तेवढं इंग्लिश सुधारलं असतंस तर!” सगळे हसले. नातवंडं हसली. आपाही हसल्या, पदर सारखा करत. मी तिसऱ्या रांगेत कागदाची ताटली हातात धरून बसले होते. मला उभं राहून बोलायला पाहिजे होतं. चार वाक्यं पुरली असती. आपांनी माझ्याकडं बघितलं, मान किंचित हलवली, नको. आणि मी ते नको लगेच मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. माझ्याकडं बारा मुलींची मुख्य म्हणून बघणारी चार माणसं तिथं बसली होती.

आपा अजून आहेत. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, फोनवर अजून मला “जेवलीस काय गो” विचारतात. त्यांच्या घरात अजून कुणाला ठाऊक नाही की त्या ज्युनियर का राहिल्या. त्यांनी सांगितलं नाही, आता सांगणारही नाहीत. मी जाणार आहे. मुलगा सुट्टीवर आला की जाणार, त्याला, सुनेला, नातवंडांना समोर बसवणार, आणि त्या सोमवारी त्या खोलीत कोण काय बोललं ते पहिल्यापासून सांगणार. आपा नको म्हणतील. या खेपेला मी त्यांचं ऐकणार नाही.